गम उरला, सिगारेट सुटली नाही

प्रश्न (ऐरोलीहून, थोडक्यात): मिस्टर ४३ वर्षांचे, महापेला कंपनीत शिफ्ट ड्युटी. वीस वर्षांपासून सिगारेट, सध्या रोज पंधरा-सोळा. सकाळी डोळे उघडले की पहिली लागते. निकोटीनचा गम दोनदा आणला, दिवसाला तीन-चार खाल्ले, आठवड्यात सोडून दिला. पॅच लावला, खाज सुटली, झोप उडाली, पाचव्या दिवशी काढला. दीर म्हणतात, ‘मनात आणलं तर एका दिवसात सुटते, औषधं म्हणजे कंपन्यांचा धंदा.’ शेजारच्यांनी सांगितलं की एक गोळी आहे, पण तिनं माणसाच्या डोक्यावर परिणाम होतो. संशोधनात खरंच काही सिद्ध झालंय का? आणि आमचं चुकलं कुठे?

उत्तर:

तुमच्या दिरांपासूनच सुरुवात करते, कारण असा एक दीर घरोघरी असतो आणि तो अगदीच खोटं बोलत नसतो. सिगारेट कायमची सोडलेल्या माणसांतल्या बहुतेकांनी ती औषधाशिवायच सोडलेली असते. पण हे एकाच बाजूने मोजणं झालं. कसलीही मदत न घेता सोडायला निघालेल्या शंभर जणांचा पाठपुरावा केला, तर सहा महिने ते वर्षभर टिकणारे तीन ते पाचच निघतात. बाकीच्यांतले बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच टपरीवर परत दिसतात. दिरांना भेटले ते हे तीन ते पाच. उरलेले पंच्याण्णव आपली फजिती चारचौघांत सांगत बसत नाहीत.

मी बावीस वर्षं ठाण्यात छातीविकारांचा दवाखाना चालवते. पहिली सात-आठ वर्षं मीही कागदावर ‘निकोटीन गम २ मिग्रॅ’ एवढंच लिहून पेशंटला वाटेला लावायची. महिन्याभराने तो परत यायचा तेव्हा खिशात सिगारेट असायची आणि घरी अर्धं गमचं पाकीट. मला वाटायचं, याच्यात निग्रह नाही. मग एकदा वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपच्या फोरमनला मी सहज म्हटलं, ‘एक गम माझ्यासमोर खाऊन दाखवा बरं.’ त्यांनी तो पान चघळावं तसा दीड मिनिट जोरजोरात चघळला, दोनदा उचकी दिली, लाळ गिळली आणि म्हणाले, ‘घसा जळतो, मळमळतं, आणि तलफ तशीच राहते.’ खाली टपरीवर कटिंग पिऊन आले होते, तेही त्यांनी सांगितलं. त्या दोन मिनिटांत मला माझ्या सात-आठ वर्षांच्या चिठ्ठ्यांचं काय झालं असेल ते कळलं.

गममधलं निकोटीन पोटातून नाही, गालाच्या आतल्या त्वचेतून रक्तात जायला हवं. गिळलेलं निकोटीन यकृतात जातं आणि तिथेच त्याचा बराचसा भाग निकामी होतो. हाती राहते मळमळ. म्हणून हळू चावायचा, तिखट झिणझिण्या आल्या की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, जागा बदलायची. असा एक गम अर्धा तास चालतो. आणि त्याआधी पंधरा मिनिटं, तसंच तोंडात असेपर्यंत, चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नको. या पेयांमुळे तोंडात आम्लता वाढते आणि निकोटीन शोषलंच जात नाही. आपल्याकडे तलफ येते चहाबरोबर, गम खाल्ला जातो चहावर, आणि नेमकं तिथेच त्याचं पाणी होतं.

आता हिशेब बघा. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जातं. पंधरा-सोळा सिगारेटी म्हणजे दिवसाला वीसेक मिलिग्रॅम. दोन मिलिग्रॅमचा गम नीट चघळला तरी त्यातलं जेमतेम निम्मं मिळतं. मिस्टर दिवसाला तीन-चार खात होते, म्हणजे वीसच्या जागी चार. पाच पोळ्या खाणाऱ्याला एक पोळी वाढायची आणि ‘याला भूक सोसत नाही’ म्हणायचं, तसं हे झालं. सुरुवातीच्या सहा आठवड्यांत दर एक-दोन तासांनी एक गम, हे त्याचं खरं प्रमाण आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर दोन नव्हे, चार मिलिग्रॅमचा गम लागतो. त्या सकाळच्या पहिल्या सिगारेटला मी किती महत्त्व देते म्हणून सांगू! दिवसाला किती ओढता यापेक्षा उठल्यावर किती मिनिटांत ओढता, यावरून व्यसनाची खोली जास्त कळते. फागरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची चाचणी आहे. तिच्यात पाच मिनिटांच्या आत पहिली पेटवणाऱ्याला या प्रश्नाचे पूर्ण तीन गुण मिळतात. मिस्टर त्याच रांगेत आहेत.

गम निघाला कसा, तेही थोडं सांगते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या एका संशोधकाच्या लक्षात आलं की पाणबुडीतल्या नौसैनिकांना आत सिगारेट ओढता येत नाही, तेव्हा ते तोंडात तंबाखू धरून वेळ काढतात. त्याने ते ओव्हे फेर्नो या औषध कंपनीतल्या शास्त्रज्ञाला कळवलं आणि त्यातून निकोटीनचा गम तयार झाला. आपल्याला यात नवल वाटायला नको. ठाणे-वाशी लोकलमध्ये चढल्या चढल्या तळहातावर तंबाखू-चुना मळणारे आपण रोज पाहतो. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि तोंडात तंबाखू धरणारे २४.४ टक्के. म्हणून सिगारेट सोडलेला माणूस माझ्यासमोर बसला की मी आधी विचारते, ‘मशेरी, गायछाप, गुटखा काही सुरू नाही ना केलंत?’ पाणबुडीतल्यांनी केलं तेच आपल्याकडे सर्रास होतं.

पॅचचं दुखणं वेगळं. तो संथ आहे. लावल्यापासून रक्तात पुरतं निकोटीन चढायला काही तास जातात, आणि अचानक उसळलेल्या तलफेला तो काही करू शकत नाही. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्याने २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरू करायचं, सहा आठवडे तोच, मग दोन आठवडे १४चा, दोन आठवडे ७चा. पाच दिवसांत काढला तर औषध सुरूच झालं नाही म्हणायचं. खाजेसाठी जागा रोज बदलायची: आज उजवा दंड, उद्या डावा, परवा पाठीचा वरचा भाग. आंघोळीनंतर अंग खडखडीत कोरडं करून मगच लावायचा. आपल्या घामाच्या हवेत तो कडेने सुटतो, तेव्हा कडांना औषधाच्या दुकानात मिळणारी चिकटपट्टी मारली तरी चालते. झोप उडत असेल तर झोपताना काढता येतो, पण पहाटेच्या सिगारेटवाल्याला मी शक्यतो काढू देत नाही, कारण सकाळी सगळ्यात मोठी तलफ यायच्या वेळी तो अंगावर हवा.

आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या वेळी वापरलंत. पॅच तळाशी आणि तलफ आली की वरून गम, अशी जोडी नुसत्या एका प्रकारापेक्षा सरस ठरते. यश साधारण पंचवीस टक्क्यांनी वाढतं. ‘पॅचवर गम खाल्ला तर हार्ट अटॅक येईल’ असं औषधाच्या दुकानातला मुलगा सांगतो, ते मनावर घेऊ नका. निकोटीन मिस्टर रोज ओढतात त्या सिगारेटींतूनही येतं, तेही जास्त वेगाने, आणि शिवाय कार्बन मोनॉक्साइड आणि डांबर येतं ते निराळंच.

आता ‘काही सिद्ध झालंय का’ या प्रश्नाकडे येते. जगभरच्या चाचण्या गोळा करून त्यांचा एकत्र हिशेब मांडणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे. २०२३च्या त्यांच्या हिशेबाप्रमाणे औषधाविना शंभरातले सहाएक जण सहा महिने किंवा जास्त टिकतात, नुसत्या पॅचवर नऊ, पॅच-गमच्या जोडीवर बारा आणि व्हॅरेनिक्लिन किंवा सायटिसिन या गोळ्यांवर चौदाच्या आसपास. आकडे ऐकून लोकांचे चेहरे पडतात. ‘डॉक्टर, चौदाच?’ हो, चौदाच, पण हे एका खेपेचं यश आहे. आणि सहाचे चौदा म्हणजे दुपटीहून जास्त.

व्हॅरेनिक्लिन ही तुमच्या शेजाऱ्यांची ‘डोक्यावर परिणाम करणारी’ गोळी. २००६मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. ती काय करते, हे मी पेशंटला लोकलच्या चौथ्या सीटवरून सांगते. तिघांच्या बाकड्यावर चौथा टेकतो. धड बसलेला नसतो, पण जागा अडवून असतो, पाचव्याला तिथे टेकता येत नाही. मेंदूत निकोटीन जिथे जाऊन बसतं तिथे ही गोळी तशीच अर्धी टेकते. अर्धं समाधान देते म्हणून तलफ मऊ पडते. वरून सिगारेट ओढलीच तर निकोटीनला बसायला जागा नसते, म्हणून ‘मजा येत नाही’. पेशंट अगदी याच शब्दांत सांगतात. सातव्या-आठव्या दिवशी फोन येतो, ‘मॅडम, सिगारेटला चवच नाही राहिली.’ गोळीचं काम सुरू झाल्याची ती खूण.

शेजारी म्हणतात ती भीती हवेतून आलेली नाही. गोळीवर असलेल्या काही लोकांत नैराश्य, चिडचिड, आत्महत्येचे विचार दिसल्याच्या नोंदी आल्या आणि २००९मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने गोळीच्या माहितीपत्रकात चौकटीतला इशारा छापायला लावला. पण सिगारेट सोडणारा माणूस गोळीविनाही चिडतो, रडतो, झोपत नाही. मग दोष गोळीचा की सोडण्याचा? ते ठरवायला ‘ईगल्स’ नावाची चाचणी झाली: १६ देश, ८,१४४ माणसं, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार. चार गट केले: व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन (सिगारेट सोडण्यासाठीची दुसरी एक गोळी), पॅच आणि नुसती खोटी, म्हणजे आत औषधच नसलेली गोळी. २०१६मध्ये निकाल छापून आला. मानसिक त्रासाचं प्रमाण खोट्या गोळीच्या तुलनेत लक्षणीय वाढलेलं नव्हतं. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत सिगारेटपासून पूर्ण दूर राहिलेले असे: व्हॅरेनिक्लिन २१.८ टक्के, ब्युप्रोपिऑन १६.२, पॅच १५.७, खोटी गोळी ९.४. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चौकटीतला इशारा काढून टाकला गेला. इशारा लागल्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली, निघाल्याची माझ्या ओळखीच्या निम्म्या डॉक्टरांपर्यंतही पोहोचलेली नाही.

त्रास तिचाही आहे. मळमळ बऱ्याच जणांना होते, आणि स्वप्नं पडतात, अगदी रंगीत, लांबलचक. भरल्या पोटी, पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर मळमळ सोसण्याइतकी राहते. पहिले तीन दिवस अर्धा मिलिग्रॅम एकदा, पुढचे चार दिवस अर्धा दोनदा, आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅम दोनदा, बारा आठवडे. शिफ्टवाल्यांचा इथे घोळ होतो. नाइटला ‘सकाळची गोळी’ कधी घ्यायची? घड्याळ विसरा, दिवसातल्या दोन मोठ्या जेवणांना ती बांधा. किडनीचा आजार असेल तर मात्रा बदलते, म्हणून डॉक्टरशिवाय सुरू करू नका.

सायटिसिन हिची थोरली बहीण. पिवळ्या फुलांच्या लॅबर्नम झाडाच्या बियांतून निघणारं द्रव्य, बल्गेरियात १९६४पासून गोळीच्या रूपात विकलं जातं, आणि पश्चिमेला त्याचा पत्ता फार उशिरा लागला. वॉर्सात ७४० जणांवर चाचणी झाली, २०११मध्ये निकाल आला: वर्षाअखेर गोळीवाले ८.४ टक्के टिकले, खोट्या गोळीवाले २.४. पण मला जास्त बोलतं ते बांगलादेश-पाकिस्तानातलं काम. तिथे अडीच हजारांच्या आसपास क्षयरुग्णांना सायटिसिन किंवा खोटी गोळी दिली, आणि दोन्ही गटांना बसवून समजावलं. दोन्हीकडे तीस टक्क्यांच्या आसपास लोक सहा महिने सिगारेटपासून दूर राहिले, गोळीने फारसा फरक पडला नाही. आजाराचा धक्का बसलेला असताना कोणीतरी नीट बसून बोललं, तर माणूस किती पुढे जातो, हे त्यात दिसतं. औषधावर एवढं लिहिणारी मी, हा निकाल लपवून ठेवला तर तुमच्या दिरांचंच खरं होईल.

ब्युप्रोपिऑन मूळची नैराश्यावरची गोळी, १९९७पासून सिगारेट सोडण्यासाठीही. फिट येण्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. नॉरट्रिप्टिलिन जुनी, स्वस्त, तिच्यामागेही बरा पुरावा आहे. अॅक्युपंक्चर, लेझर, संमोहन यांच्यावर पैसे घालवायला मी सांगणार नाही, ठाम पुरावा नाही. प्राणायामाबद्दल विचारतात. दिल्लीच्या गरीब वस्त्यांमध्ये पंधरा मिनिटं सल्ला आणि योगातला श्वसनाचा व्यायाम शिकवून पाहिला, तर सिगारेट-बिडी सोडणारे ०.५ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर गेले. आकडा लहान आहे, पण खर्च शून्य आहे. तलफ तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायला ते उत्तम.

व्हेपचं विचारलं नाहीत, तरी ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांबाहेर ते दिसतं म्हणून सांगते. कॉक्रेनच्या हिशेबात निकोटीनवाल्या ई-सिगारेटी सोडायला मदत करतात, हे खरं आहे. पण आपल्याकडे २०१९पासून त्यांच्या विक्रीवर कायद्याने बंदी आहे. जे मिळतं ते चोरटं, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कायदेशीर गम आणि गोळी असताना मी त्या वाटेला पाठवत नाही. (सुट्ट्या सिगारेटीवरही महाराष्ट्रात २०२०पासून बंदी आहे. टपरीवर जाऊन बघा किती पाळली जाते.)

‘हळूहळू कमी करतो’ असं मिस्टर म्हणणार. इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर हे तपासलं. निम्म्यांनी ठरलेल्या दिवशी झटक्यात सोडली, निम्म्यांनी दोन आठवडे कमी करत करत. सहा महिन्यांनी झटक्यात सोडणारे २२ टक्के टिकले, हळूहळूवाले १५.५. निकोटीनचं औषध दोघांनाही होतं. म्हणून तारीख ठरवा. नाइट शिफ्टच्या आठवड्यात मात्र नको. पहाटे तीनला कॅन्टीनबाहेरच्या घोळक्यात पहिला आठवडा काढणं फार अवघड जातं.

सोडल्यानंतरची एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुराने यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालत असतं. धूर थांबला की ते मंदावतं, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या गोष्टी शरीरात साचू लागतात. कॅफीन त्यातलंच. तेवढाच चहा घेतला तरी छातीत धडधडतं, झोप जाते, आणि माणूस म्हणतो, ‘सिगारेट सोडल्यापासून तब्येत बिघडली.’ चहा निम्म्यावर आणा. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. दम्यासारख्या जुन्या आजाराचे एक आजोबा बरीच वर्षं थिओफिलिन या दम्याच्या गोळीवर होते. तीही त्याच एन्झाइमवर अवलंबून. माझ्याच सांगण्यावरून त्यांनी सिगारेट सोडली. दहा दिवसांनी हात थरथरत, उलट्या करत आले. मी ‘सोडल्याचा त्रास, जाईल’ म्हणून परत पाठवलं. दोन दिवसांनी रक्तातली पातळी तपासली तर ती वर गेलेली. गोळी तीच, डोस तोच, धूर मात्र बंद. डोस मी पहिल्याच आठवड्यात कमी करायला हवा होता. मिस्टर थिओफिलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं घेत असतील, तर सोडण्याआधी डॉक्टरला सांगा.

वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतं. वाढू द्या, त्याकडे नंतर बघू.

आता तुमचं काम. कामावरून आले की शर्टाचा वास घेऊ नका. एखादी ओढली गेली तर ती सांगायची सोय घरात राहिली पाहिजे, म्हणजे ते औषध थांबवणार नाहीत. एका सिगारेटने पॅच वाया जात नाही, गोळीही नाही, दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवायचं. कॅनडातल्या एका पाहणीच्या हिशेबाने कायमची सुटेपर्यंत तीस किंवा जास्त प्रयत्न लागू शकतात. तुमचे तीन झालेत, आणि त्यातला एकही पूर्ण मात्रेत नव्हता. पैशाचं आमिषही चालतं बरं का. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीच्या ८७८ कामगारांवर पाहिलं. सोडल्यावर टप्प्याटप्प्याने रोख बक्षीस मिळणारे १४.७ टक्के टिकले, नुसती माहिती मिळालेले ५. तुमच्या भिशीत त्यांच्या सिगारेटचे पैसे घाला आणि पहिला नंबर त्यांच्या नावाने काढा.

वय ४३ म्हणालात. ब्रिटिश डॉक्टरांवर पन्नास वर्षं चाललेल्या अभ्यासात चाळीसाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे नऊ वर्षं परत मिळाली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सहा. मिस्टर त्या दोहोंच्या मध्ये आहेत.

मदत फुकट मिळते. सिगारेटच्या पाकिटावरच १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो, त्यावर समुपदेशक बोलतात. नेरुळ-खारघर पट्ट्यातल्या डेंटल कॉलेजांत तंबाखूमुक्तीचा विभाग आहे का, ते विचारा, आणि जिल्हा रुग्णालयातही. जाल तिथे फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र असेल तर मिस्टरांना फुंकायला लावा. पहिल्या दिवशी वीस-बावीस येईल, दोन दिवस न ओढता गेलात तर दोन-तीन. माझ्या दवाखान्यात त्या आकड्याचा फोटो काढून बायकोला पाठवणारे कित्येक आहेत.

आणि घरात उरलेला तो गम फेकू नका. तारीख उलटलेली नसेल तर सोबत न्या आणि डॉक्टरसमोर एक चघळून दाखवायला सांगा. चहा न पिता.